मिरजेची नळी

पत्राला उत्तर दिलं नाही, याचं लालासाबला आठ महिने रोज एकदा तरी वाईट वाटायचं. आणि वाईट वाटून झालं की उत्तर देऊन टाकल्यासारखंच वाटायचं, म्हणून उत्तर राहून जायचं.

पत्र मिरजेहून आलं होतं, धाकट्या भावाचं. लालासाबनं ते बांधणीला आलेल्या एका फारसी कोशात ठेवलं. कोशाचा मालक आठवड्यानं जिल्द न्यायला आला, तेव्हा पत्र घाईनं एका गणिताच्या पुस्तकात गेलं. तिथून वैद्यकात, वैद्यकातून दरबारच्या कसल्याशा अहवालात. आठ महिन्यांत त्या पत्रानं अकरा पुस्तकं बदलली. इतकं वाचन कोल्हापुरात फार थोड्यांचं असेल.

मजकूर थोडका होता आणि लालासाबला तो पाठ होता.

"ती. दादांस अल्लाउद्दीनचा सलाम. नजीराआपा मिरजेवरून गेली तेव्हा भेटली. तुम्ही रात्री पाच-सहा वेळा उठता आणि परसात भिंतीला टेकून वाट बघत उभे राहता, असं तिनं सांगितलं. दादा, हे वयाचं दुखणं आहे, लाजेचं नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ असते, ती म्हातारपणी वाढते आणि वाट आवळते. एखाद्या दिवशी वाट पुरती बंद होईल. तेव्हा आतून नळी घालून लघवी काढावी लागते. दवाखान्यातल्या साहेबानं मला ते काम शिकवलं आहे. माझ्या हातानं तीनशेवर माणसं मोकळी झाली. तुम्हांला माझा हात चालेल का, एवढं एका ओळीत कळवावं."

एका ओळीत! लालासाब जिल्दवाल्याला एका ओळीत काही लिहिता येत असतं तर तो पुस्तकं बांधत कशाला बसला असता? त्यानं पहिला खर्डा केला तो चार पानांचा झाला. दुसऱ्यात फारसीतले तीन दाखले आले आणि भावाचं नावच राहिलं. तिसरा वाचून त्याला वाटलं, आपण माफी मागतोय की उपदेश करतोय? तो त्यानं दुमडला आणि एका वहीच्या पुठ्ठ्यात अस्तराखाली चिकटवून टाकला. मग तशी सवयच लागली. गावातल्या किती दुकानदारांच्या वह्या अल्लाउद्दीनला लिहिलेल्या माफीवर उभ्या होत्या, देव जाणे.

कारण प्रश्न नळीचा नव्हताच. प्रश्न हाताचा होता.

सोळा वर्षांपूर्वी, महाराज गादीवर येऊन नुकतं वर्ष झालेलं, तेव्हा अल्लाउद्दीन बांधणीचं काम सोडून मिरजेच्या दवाखान्यात मलमपट्टी करायला गेला. पहिल्या ईदेला घरी आला तो थेट दुकानात शिरला आणि जुन्या सवयीनं कुराणाचे शिवलेले जुजू, म्हणजे पानांचे गठ्ठे, उचलून कडा जुळवू लागला. दुकानात आठ-दहा माणसं होती. आणि ज्याच्या तोंडून कधी मोठ्यानं शिंक आली नाही, तो लालासाब सगळ्यांदेखत म्हणाला, "मुताच्या भांड्यात घातल्यालं हात हिथं नकोत."

आयुष्यात एकच वाक्य तो ठासून बोलला, आणि नेमकं तेच चुकलं. अल्लाउद्दीननं जुजू खाली ठेवले, कडा मात्र जुळवून ठेवल्या, आणि शिरखुर्मा न खाता गाडी धरली. त्यानंतर तो या घराच्या उंबऱ्यात आला नव्हता.

त्या बुधवारी घर भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, नात बिल्किसची बिस्मिल्ला होती. लेकरू चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला नवे कपडे घालून बसवायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं त्याचं बोट धरून पहिलं अक्षर, अलिफ, गिरवून घ्यायचं, असा रिवाज. त्यासाठी बहीण नजीरा नेसरीहून आली होती, सोबत काकवीची बरणी आणि सगळ्यांसाठी मतं घेऊन. लालासाबचा मुलगा चामडं आणायला बेळगावला गेला होता, तो उद्या सकाळी यायचा होता.

आणि बुधवारी सकाळी लालासाब परसात गेला तो परत येईना.

"अवो," बायको हुसेनबीनं चुलीपासून हाक दिली, "किती येळ भिंतीला टेकून हुबं ऱ्हाताय? तुमी पडाल न्हाईतर भिंत तरी."

"आलो," परसातून आवाज आला. तो आला नाही. थेंबही आला नाही.

पहिला तासभर त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या तासाला त्याला खाली बसवेना आणि उभं राहवेना, आणि तो पुस्तकांच्या कपाटाला धरून वाकून उभा राहिलेला नजीरानं पाहिला.

"दादा, काय हरवलंय?"

"काय न्हाई."

"मग त्वांड का असं? वैनी, ये गं हिकडं! ह्येला तुंबलंय!"

एवढं मोठ्यानं बोललेलं शेजारच्या परसात बायडाबाईलाही ऐकू गेलं. बेंबीखाली पोट असं टरारलं होतं की वरून बोट लावलं तर ढोलकीसारखं लागावं. लालासाबनं सदरा खाली ओढला आणि डोळे मिटले. लाजून मरणं ही त्यानं आजवर पुस्तकात वाचलेली गोष्ट होती.

मग उपचार सुरू झाले. हुसेनबीच्या माहेरी जवाचं पाणी देत. तिनं तांब्याभर केलं. तो ते प्याला, कारण बायकोचं मन मोडवत नव्हतं. नजीरा म्हणाली, "जवानं काय हुतंय? आमच्या नेसरीत गोखरूचा काढा देत्यात, बैलाला सुदीक." तिनं फुलपात्रभर काढा केला, आणि वहिनीचं प्यालास नि माझं नको का, अशा नजरेनं पुढं धरला. त्यानं तोही घेतला. तेवढ्यात भिंतीवरून बायडाबाईचा हात आला, हातात गरमागरम कुळथाचं कढण.

"भावजी, एका घोटात घ्या. आमच्या ह्यास्नी लगेच सुटलं हुतं."

"त्यास्नी खडा हुता गं," हुसेनबी म्हणाली.

"मग? खडा फुटतोय, तिथं नुसत्या लगवीचं काय!"

शेजारधर्म होता. लालासाब कढणही प्याला. तिन्ही बायकांत कुणाचं औषध लागू पडणार यावर हळूहळू चुरस लागली आणि प्रत्येकीनं आपापल्या औषधाचा दुसरा डोस काढला. नाही म्हणायला जन्मभर न शिकलेला माणूस भांड्यामागून भांडं रिचवत राहिला आणि त्याच्या कपाळावर शेंगदाण्याएवढे घामाचे थेंब आले. घामाचे तेवढे आले.

नऊच्या सुमारास दिलदार न्हावी हजामतीची पेटी घेऊन आला. उद्याच्या समारंभासाठी लालासाबची दाढी कोरायची होती. दिलदार त्याच्याच वयाचा, सडपातळ, आणि गावातली कोणतीही बातमी त्याच्या वस्तऱ्याखालून गेल्याशिवाय पुढं जात नसे. त्यानं दारातूनच सगळं पाहिलं. ओळीनं मांडलेली भांडी पाहिली. लालासाबचं पोट पाहिलं.

"काय पाजलंसा ह्येला?"

तिघींनी एकदम सांगितलं.

"या अल्ला!" दिलदारनं पेटी खाली ठेवली. "आरं, घागरीचं त्वांड बुजलंय आन् तुमी वरनं पाणी वतताय? ही सगळी लगवी वाडवायची औषधं हाईत की! फोडून मारताय काय माणसाला?"

तिन्ही बायका भांड्यांकडं बघत राहिल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि ते भीतीवर.

"लालाभाय, चल. थोरल्या दवाखान्यात जाऊ. आकारामचा टांगा नाक्यावर हाय."

"न्हाई," लालासाब म्हणाला.

"का?"

लालासाबनं दात आवळून सांगितलं. थोरल्या दवाखान्याची रजिस्टरं तोच बांधत असे. त्यात नाव, वय, पेठ, आणि चौथा रकाना दुखण्याचा. त्या रकान्याची रुंदी त्यानंच आखून दिली होती. वह्या शिवायला आल्या की तिथला कारकून एकेक पान वाचून दाखवायचा आणि पोट धरून हसायचा. "त्या पानावर माझं नाव... न्हाई दिलदार. त्यापरीस फुटू दे."

"बरं, मग मी घालू का कायतरी? माझ्या बापानं तुजी सुन्नत केलीया. आमच्या घराण्याला तुजं नवं काय हाय?"

नजीरा तोंडाला पदर लावून वळली. लालासाबलाही हसू आलं, आणि हसल्याबरोबर अशी कळ आली की त्याच्या डोळ्यांपुढं काळोखी आली. तो कपाटाला धरून हळूहळू खाली बसला. मग कुणीच हसलं नाही.

"जुम्म्याला येत न्हाईस त्ये ह्याच्यापायी व्हय रं?" दिलदारनं हळू विचारलं. "मला वाटलं, पुस्तकं वाचून वाचून ह्येचा अल्लावरचा इस्वास उडाला."

"कपडे पाक ऱ्हात न्हाईत. थेंब थेंब..." लालासाब एवढंच बोलला. वर्षभर तो मशिदीत गेला नव्हता आणि वर्षभर कुणालाही कारण सांगितलं नव्हतं.

"चाचा, तार करा."

आवाज दारामागून आला. सून सुगरा तिथं उभी होती, एका हातानं बिल्किसला धरून. सुगरा दुकानासाठी खळ शिजवायची आणि पानं दुमडायची. लालासाबनंच तिला वाचायला शिकवलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात ते पत्र होतं.

"मिरजंला तार करा. चुलत्यास्नी येतंय ह्ये काम. तीनशे माणसं केल्यात त्येंनी."

"सासऱ्याचं पत्र वाचलंस?" हुसेनबी कडाडली.

"वाचलं. दुमडायच्या पानात गावलं."

"सून हाईस का पोस्टमास्तर?" नजीरानं लगेच वहिनीची बाजू घेतली. दोघी नणंद-भावजयींचं असं जुळलेलं गेल्या वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"आत्या, बाबा दुपारपातूर टिकत न्हाईत," सुगरा म्हणाली. ती दारातून हलली नाही. "मग मला काय बोलायचं त्ये बोला."

नजीरानं भावाकडं पाहिलं. मग कनवटीचा रुपया काढून दिलदारच्या हातावर ठेवला. "जा. पळ. वैनी, पोरीला बोलू नगंस. माज्या घरात अशी एक आसती तर माजा मालक आज जित्ता आसता." बाजू तिनं एका श्वासात बदलली.

तारेचा मजकूर सुगरानं सांगितला: "ताबडतोब ये. नळी आण. लालासाब."

नाव घालायचं की नाही हे लालासाबला कुणी विचारलं नाही, आणि त्यालाही त्या वेळी श्वास घेण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

तारघरात काय झालं ते दिलदारनं पुढं जन्मभर सांगितलं. तारमास्तरानं मजकूर इंग्रजीत उतरवता उतरवता चष्म्यावरून विचारलं, "कसली नळी?" ज्या माणसानं आयुष्यात एक गुपित घरापर्यंत नेलं नव्हतं, तो दिलदार घटकाभर गप्प राहिला. मग म्हणाला, "हुक्क्याची."

"हुक्क्याच्या नळीसाठी ताबडतोब?"

"मास्तर, वड लागली की कळतंय."

दुपारपर्यंत पेठेत बातमी झाली की लालासाब जिल्दवाल्याला म्हातारपणी हुक्क्याचा नाद लागला, आणि तोही असा की मिरजेहून सामान मागवतो.

तीनची गाडी वेळेवर आली. टांगा दाराशी थांबला, आकारामनं "पावणं, उतरा" म्हटलं, आणि कातडी पिशवी घेतलेला, कानशिलं पांढरी झालेला माणूस उतरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत आला नाही.

"दादानं तार केली म्हणून आलो," अल्लाउद्दीन म्हणाला.

हुसेनबीनं सुगराकडं पाहिलं. सुगरानं जमिनीकडं पाहिलं. भिंतीपलीकडं बायडाबाईनं भांडी घासणं थांबवलं. अल्लाउद्दीनच्या एका नजरेला सगळं कळत होतं. सोळा वर्षं रोग्यांच्या घरच्यांची तोंडं वाचलेला माणूस तो. त्यानं पिशवीचा हात बदलला. एक पाय टांग्याकडं वळला.

लालासाब चटईवर कुशीवर पडला होता. खोटं बोलायला त्याला नेहमी दोन दिवस लागत, म्हणून त्यानं ते कधी केलं नव्हतं. पण आता दोन दिवस नव्हते.

"व्हय," तो म्हणाला. "मीच केली. ये आत."

पुढचा अर्धा तास अल्लाउद्दीनचं राज्य होतं. त्यानं दिलदार सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. उकळायला स्वच्छ पातेलं मागितलं. हुसेनबीनं तीन पातेली नाकारली, चौथं दिलं.

"ह्ये उद्याच्या खिरीचं न्हवं?" नजीरा कुजबुजली.

"खीर दुसऱ्यात कराय येतीया. नवरा दुसरा कुटनं आणू?"

खाली धरायला मात्र स्वयंपाकघरातलं एकही भांडं मिळालं नाही. शेवटी दुकानातली खळीची जुनी बादली आली.

अल्लाउद्दीननं हात धुतले. औषधी साबणानं, कोपरापर्यंत, नखांच्या कडांतून. मग पुन्हा धुतले. मग तिसऱ्यांदा. लालासाब ते पाहत होता. एवढे स्वच्छ हात त्यानं स्वतः कुराण उचलायच्या आधीही कधी धुतले नसतील. त्याला तोंड वळवावंसं वाटलं, पण वळायला जागा नव्हती.

"दादा, त्वांड उघडं ठेवून श्वास घ्या. मूठ सोडा. पोट सैल."

"मला... अल्लाउद्दीन, मला लाज वाटत्या रं."

"वाटू द्या. लाजंनं काय आडत न्हाई. मूठ आवळली की आडतंय."

उकळलेली नळी तांबड्या रबराची होती, दाभणापेक्षा थोडी जाड, टोकाला गोल, बाजूला एक भोक. अल्लाउद्दीननं तिला तेल लावलं आणि काम सुरू केलं. जळजळलं. मग आत कुठंतरी नळी अडली, आणि लालासाबच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"सरकव की जरा जोरानं," दिलदार म्हणाला. त्यानं लालासाबचा हात धरला होता आणि स्वतःच जास्त घामाघूम झाला होता.

"जोर केला की वाट फाटती. वस्तरा न्हवं ह्यो." अल्लाउद्दीन थांबला, पण नळी काढली नाही. "दादा, जुन्या पुस्तकाच्या शिवणीत सुई आडली तर काय करता?"

"थांबतो," लालासाब म्हणाला, डोळे मिटून. "बोट ढिलं सोडतो. तिचं तिला भोक गावतंय."

"मग तसंच."

त्यानं तसंच केलं. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग बादलीच्या पत्र्यावर असा आवाज झाला की बाहेरच्या तिघी एकदम उभ्या राहिल्या.

"सुटलं का वो?" भिंतीपलीकडून बायडाबाई ओरडली.

"सुटलं!" नजीरा ओरडली. "गोखरूनं!"

"कुळथानं!" भिंत म्हणाली.

लालासाबला काही ऐकू येत नव्हतं. दिवसभर आवळून धरलेलं जग बोटाबोटानं सुटत होतं. अर्ध्यावर अल्लाउद्दीननं नळी चिमटीत दाबून धरली. "एकदम रिकामं केलं तर चक्कर येती. जरा दम घ्या." लालासाबनं दम घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं वाहत होतं, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं, वाहू दे.

"एवढं मावत हुतं त्याच्यात?" दिलदार बादलीत डोकावून म्हणाला. "लालाभाय, तुज्या दुकानात एवढी खळ लागत न्हाई रं वरसाला."

बिस्मिल्ला पुढच्या गुरुवारवर ढकलावी लागली. नजीरानं हिशेब काढून दाखवला की मग चार दिवसांऐवजी अकरा होतील आणि हे रिवाजात बसत नाही. हुसेनबी म्हणाली, रिवाज बसणाऱ्याला असतो, आणि आजोबाला अजून नीट बसता येत नाही. तिथं तो वाद मिटला.

अल्लाउद्दीन माजघरात पाहुण्यासारखा झोपला, अंगाची घडी करून. सकाळी त्यानं लालासाबला समोर बसवलं.

"दादा, गाठ काय जाणार न्हाई. सूज उतरली तर थोडी वाट सुटंल, न्हाई तर नळीच. मिरजंला आलासा तर साहेब कापून बी काडतोय, पण त्येला जीवाचं भ्या हाय, त्ये मागनं बघू. आत्ता नळी तुमी स्वतः घालायची."

"मी?"

"मग रोज मला तार करनार?"

लालासाबच्या डोक्यात एकदम पंचवीस शंका उभ्या राहिल्या आणि त्यातल्या सात त्यानं बोलूनही दाखवल्या. अल्लाउद्दीननं सगळ्या ऐकल्या. मग म्हणाला, "दिवा नसताना तुमी सुईत दोरा ववता, मी बगितलंय. हात धुवा."

लालासाबनं हात धुतले. पहिल्यांदा नळी निसटून पडली. ती पुन्हा उकळावी लागली. दुसऱ्यांदा गेली, अडली, त्यानं बोट ढिलं सोडलं, आणि ती गेली. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जसा कधीकाळी पहिली जिल्द सरळ बसली तेव्हा आला असेल.

"सकाळी सा, दुपारी दोन, रात्री धा," अल्लाउद्दीन पिशवी भरताना म्हणाला. "मनात असू दे, नसू दे. वाटंल तवा घालीन म्हटलं की तुंबलं. घड्याळ बगायचं आन् मोकळं व्हायचं."

बेळगावहून आलेला मुलगा स्टेशनवर चुलत्याला सोडायला टांग्यात बसला होता. हुसेनबीनं शिदोरी दिली. नजीरानं काकवी दिली. सगळे दाराशी जमले आणि सगळे लालासाबकडं बघू लागले. त्याला माहीत होतं काय बोलायचं ते. पुढच्या गुरुवारी ये, एवढंच. पण दुकानाचं दार तिथून दिसत होतं, आणि अल्लाउद्दीन त्या दाराकडं पाठ करून उभा होता, मुद्दाम, आणि लालासाबच्या घशात शब्द कालच्या नळीसारखा अडला.

"अल्लू..." तो म्हणाला.

अल्लाउद्दीननं वाट पाहिली. बरीच. मग हसला.

"असू द्या, दादा. तोंडी बोलू नगासा. मागं एकदा बोललासा, त्ये सोळा वरसं पुरलं. पत्राचं उत्तर पत्रानं द्या."

टांगा गेला.

शुक्रवारी, शनिवारी, रविवारी लालासाबनं सहा, दोन, दहाचं घड्याळ पाळलं आणि एकही वेळ चुकवली नाही. पत्र मात्र चुकवत राहिला. सोमवारी सकाळी सुगरा पानं दुमडता दुमडता सहज म्हणाली, "आज टपाल गेलं तरच बुधवारपातूर पोचतंय. मग चुलत्यास्नी रजा मागाय नगं?"

लालासाबनं दौत घेतली. तीन पानं लिहिली. माणसाच्या वाणीचे दोष, त्यावरची थोरांची मतं, आणि आपल्या घराण्यात हे दोष कसे चालत आले. सुगरानं न विचारता वाचलं.

"बाबा, त्येंनी एका वळीत मागितलंय."

"एका वळीत बसत न्हाई, बाई."

"मग दोन घ्या."

बराच वेळ टाक कोरडा होत राहिला. मग त्यानं लिहिलं:

"चि. अल्लाउद्दीनास दुआ. गुरुवारी ये, बिल्किसचं बोट तू धरायचंस आणि अलिफ तू गिरवून घ्यायचास. तुझा हात चालतो. चुकलं होतं ते माझं तोंड. नळी रोज तीनदा जाते. माझा हात तुझ्यापेक्षा हलका आहे, हे दिलदारलाही कबूल आहे."

लिफाफा घेऊन तो स्वतः निघाला. वाटेत दोघांनी हुक्का कसा चाललाय म्हणून विचारलं. त्यानं बरा चाललाय म्हणून सांगितलं. खोटं बोलणं आता थोडं जमू लागलं होतं. टपालपेटीपाशी आला आणि लिफाफा फटीत अर्धा घालून थांबला. "माझं तोंड" हे फार झालं का? "हलका हात" हा थिल्लरपणा झाला का? धाकट्या भावाला एवढं लिहावं का? घरी जाऊन तेवढी एक ओळ बदलावी. उद्याही टपाल जातंच की. त्यानं लिफाफा इंचभर मागं घेतला.

तेवढ्यात घड्याळाचे दोन टोले पडले.

मनात असू दे, नसू दे. दोनची वेळ झाली होती, आणि घर अजून पाच मिनिटांवर होतं. लालासाबनं बोट ढिलं सोडलं. आत कुठंतरी, रिकाम्या पेटीच्या तळाशी, पत्र पडल्याचा आवाज आला, आणि तो धोतराचा सोगा आवरत घराकडं भराभरा चालू लागला.